मानव्यविद्यांतल्या अभ्यासकाचं सायटेशन मोजायचं तरी कसं?

तळटीप

रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं. १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. पंढरपूरवर किंवा विठ्ठलावर गंभीरपणे लिहिणाऱ्याला या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आता हेच पुस्तक गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधनलेखन शोधणाऱ्या साधनावर, शोधायला बसा. मूळ मराठी पुस्तकाच्या नोंदी रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी विखुरलेल्या, इंग्रजी अनुवाद वेगळा, आणि देवनागरीतून शोधलं तर निराळंच काही हाती लागतं. यातला ढेऱ्यांच्या सायटेशनचा, म्हणजे इतरांनी केलेल्या उल्लेखांचा, खरा आकडा कोणता?

प्रकल्पाचे अर्ज, नेमणुका, विद्यापीठांची क्रमवारी, सगळीकडे अभ्यासकाची 'प्रकाशनं आणि प्रभाव' हल्ली आकड्यांत मागतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या बाबतीत हा आकडा आधी छपाई मोजतो, मग पृष्ठमांडणी, मग रोमन स्पेलिंग. विद्वत्तेची पाळी शेवटी येते. हे पटत नसेल तर खोडून काढा. पटत असेल तर तीन गोष्टींवर लिहा. आकडा प्रामाणिकपणे काढायची रीत कोणती, मराठी लेखन मोजणीतून नेमकं कुठे गळतं, आणि ती गळती कशी थांबवायची.

नीरक्षीर

आधी एच-इंडेक्सचं बघू, कारण अर्जात तोच मागतात. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला. किमान एच वेळा उद्धृत झालेली अशी एच प्रकाशनं असली की तो तुमचा एच.

समजा एका इतिहासकाराची चार प्रकाशनं आहेत. ग्रंथ ३०० ठिकाणी उद्धृत, तीन लेख अनुक्रमे ४, २ आणि १ ठिकाणी. उतरत्या क्रमाने लावा. पहिल्याला ३००, चाललं. दुसऱ्याला किमान २ हवेत, ४ आहेत, चाललं. तिसऱ्याला ३ हवेत, आहेत २. थांबा. एच २. आता शेजारच्या विभागातल्या एखाद्याचे सहा लेख असतील, प्रत्येक सहा वेळा उद्धृत, एकूण ३६. त्याचा एच ६. तीनशे सात आणि छत्तीस यांतून हे माप छत्तिसाला तिप्पट मोठं ठरवतं.

दहा-दहा वर्षं खपून एक ग्रंथ लिहायचा, ही आपल्या विषयांची रीत. तिला हे माप मुळातच बसत नाही. २००६ चा एगे यांचा जी-इंडेक्स थोडा बरा. पहिल्या जी प्रकाशनांची बेरीज किमान जी-वर्ग एवढी हवी, म्हणजे मोठ्या ग्रंथाचं वजन निदान वाया जात नाही. पण अर्जात तो विचारतं कोण?

संदर्भसूची

@नीरक्षीर, अगदी मान्य. त्यात काळाची खिडकी जोडा. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोन वर्षांचा असतो: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी मिळालेले उल्लेख भागिले त्या लेखांची संख्या. स्कोपस या उल्लेख-सूचीचा साइटस्कोर चार वर्षांचा. आता एखादा लेख वाचून त्यावर ग्रंथ लिहायचा, तो परीक्षणाला पाठवायचा, छापून आणायचा, याला पाच-सात वर्षं सहज जातात. तोवर खिडकी केव्हाच बंद झालेली असते.

कला आणि मानव्यविद्यांचा उल्लेख-निर्देशांक १९७८ पासून आहे, पण त्यातल्या नियतकालिकांना इम्पॅक्ट फॅक्टर पहिल्यांदा दिला गेला तो २०२३ च्या जूनमध्ये. त्यामुळे २०२३ च्या आधीच्या एखाद्या मराठी किंवा इतिहासाच्या नियतकालिकाने मुखपृष्ठावर 'इम्पॅक्ट फॅक्टर ५.७' असं छापलं असेल, तर तो खरा असण्याची शक्यता जवळपास नाही. पैसे घेऊन असे आकडे देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. तपासायचं असेल तर इम्पॅक्ट फॅक्टर देणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या मास्टर जर्नल लिस्टवर नियतकालिकाचा आयएसएसएन टाका. विनाशुल्क आहे, अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि आयएसएसएन ही दर्जाची खूण नाही, नुसता ओळखक्रमांक आहे. छापील अंकाचा वेगळा, ऑनलाइनचा वेगळा. आरएनआयचा (वृत्तपत्र निबंधकांचा, २०२४ पासून पीआरजीआय) नोंदणी क्रमांक आणखी तिसरा. अर्जात हे तिन्ही सर्रास एकमेकांच्या जागी लिहिलेले दिसतात.

मोडीवाचक

साधनं संपादित करणाऱ्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

मराठ्यांच्या इतिहासावरच्या कुठल्याही चांगल्या प्रबंधाच्या तळटीपा उघडा. 'पे. द. १०/५६', 'रा. खं. ३, ले. २१४', 'शिचसा' अशी रांग दिसेल. पे. द. म्हणजे पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड, संपादक गो. स. सरदेसाई. रा. खं. म्हणजे राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', खंड २२. शिचसा म्हणजे 'शिवचरित्र साहित्य'. यंत्राला या संक्षेपात ना सरदेसाई दिसत ना राजवाडे. संक्षेपांची फोड ग्रंथाच्या पहिल्या पानांत एकदाच येते, म्हणून साडेतीनशे तळटीपांत वापरलेल्या संपादनाची नोंद फार तर एकदा होते. बहुतेक वेळा तीही होत नाही.

शिवाय 'तत्रैव', 'कित्ता', 'उ. नि.' या 'वर सांगितलेलंच पुस्तक' अशा अर्थाच्या खुणा. एकाच प्रकरणात ग्रंथाचा तीस वेळा आधार घेतला तरी मोजणीत एक. तो ग्रंथ त्या प्रकरणाचा कणा आहे की जाता जाता नाव घेतलंय, हे त्या एकावरून कळणार कसं?

तळटीप

@मोडीवाचक, हा मुद्दा मोलाचा आहे. याचीच दुसरी बाजू अशी की साधन म्हणून झालेला उल्लेख आणि संशोधक म्हणून झालेला उल्लेख यंत्र एकाच पोत्यात भरतं. १९८० ते १९९२ या काळात मानव्यविद्यांच्या निर्देशांकात सर्वाधिक उल्लेख झालेल्या पहिल्या दहांत मार्क्स, लेनिन, शेक्सपिअर, अ‍ॅरिस्टॉटल, बायबल, प्लेटो, फ्रॉइड ही मंडळी होती, आणि त्या वेळी हयात असलेले एकटे चॉम्स्की. शेक्सपिअरचा 'प्रभाव' आणि चॉम्स्कींचा प्रभाव एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. ज्ञानेश्वरीचा दाखला दिला तर तो ज्ञानदेवांच्या नावावर जमा होतो. पाठ निश्चित करणाऱ्या संपादकाच्या वाट्याला काही येत नाही.

अक्षरजुळणी

गळती कुठे होते, या प्रश्नाला उत्तर देतो. सगळ्यात मोठं भोक फॉन्टचं आहे.

आपली बहुतेक नियतकालिकं वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या सुरेखसारख्या फॉन्टांत जुळवली गेली. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. पडद्यावर 'विठ्ठल' दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांचा काला असतो. स्कॉलरचा यंत्रमानव चित्र वाचत नाही, तो पोट वाचतो. त्याच्या लेखी हा लेख मराठीत नाही, किंबहुना कुठल्याच भाषेत नाही.

चाचणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काला दिसला तर फॉन्ट जुना. देवनागरी दिसली तरी लगेच खूश होऊ नका. 'कर्तृत्व', 'स्थित्यंतर', 'क्षेत्र', 'दृष्टी', 'ऱ्हास' हे पाच शब्द त्या पीडीएफमध्ये शोधून बघा. पुष्कळदा पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधीच सांडलेली असते, रफार पुढच्या अक्षरावर गेलेला असतो आणि जोडाक्षर सुटं झालेलं असतं. डोळ्याला पान देखणं, शोधाला सापडत नाही. याचं कारण असं की अक्षराच्या आकारापासून युनिकोडकडे परत जाण्याचा तक्ता पीडीएफ बनवताना नीट भरलेला नसतो.

उपाय: इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावा, जुन्या पेजमेकरमधून थेट पीडीएफ काढू नका. लिबरऑफिस किंवा वर्डमधून 'टॅग्ड पीडीएफ' काढलात तर निकाल बराच स्वच्छ येतो. जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो, पण तो वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. रफार, ऱ्य आणि ऱ्ह, श/ष, अवग्रह इथे हटकून चुका होतात. विशेषनामं आणि ग्रंथनामं तर एकेक अक्षर लावून तपासावी लागतात, कारण मोजणी त्यांच्यावरच चालते.

मांडवीकाठ

@अक्षरजुळणी, उत्तम. पण फॉन्ट ठीक असला तरी भाषेची भिंत राहतेच. अ. का. प्रियोळकरांचं उदाहरण घ्या. 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' (१९५८) आणि 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१) ही त्यांची इंग्रजी पुस्तकं जगभरच्या मुद्रणेतिहासात आणि गोव्याच्या इतिहासात सतत उद्धृत होतात. पाठचिकित्सेचं, जुन्या मराठी ग्रंथांच्या संपादनाचं त्यांचं काम मराठीत आहे. ते मराठीचे अभ्यासक सोडले तर कुणाच्या सूचीत येत नाही. माणूस तोच, शिस्त तीच. फरक फक्त भाषेचा.

तेव्हा दोन अभ्यासकांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी प्रत्येकाचं किती लेखन कुठल्या भाषेत आहे, हे लिहिलंच पाहिजे. ते न लिहिता तुलना करणं हा सरळ अन्याय आहे.

सह्याद्रीवारा

मी थोडा विरोधात लिहितो. गळतीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण सगळं खापर यंत्रावर फोडू नये. मराठी संशोधनलेखनात संदर्भ द्यायचाच आळस आहे. 'एका विद्वानाने म्हटल्याप्रमाणे', 'ढेरे यांच्या मते' एवढ्यावर भागवतात. ग्रंथ नाही, आवृत्ती नाही, पृष्ठांक नाही. कित्येक ग्रंथांत शेवटी सूची असते ती 'निवडक संदर्भग्रंथ' म्हणून, आणि मजकुरात त्यातलं कुठलं पुस्तक कुठे वापरलं याचा पत्ता नसतो. जो उल्लेख लेखकाने केलाच नाही, तो कुठलं यंत्र मोजणार?

आधी आपण एकमेकांना नीट उद्धृत करायला शिकू. मग आकड्यांविषयी तक्रार करू.

संदर्भसूची

@सह्याद्रीवारा, 'आळस' हा शब्द बोचरा आहे, पण मुद्दा खोडता येत नाही. एक भर. आवृत्तीचं साल लिहिताना पहिल्या आवृत्तीचंही साल द्यावं, '१९८४. पुनर्मुद्रण अमुक' असं. नुसतं पुनर्मुद्रणाचं साल दिलं की यंत्र नवी नोंद उघडतं आणि एका पुस्तकाची तीन होतात.

भारतरत्न पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास बघा. पहिला खंड १९३० चा, शेवटचा भाग १९६२ चा, मिळून साडेसहा हजारांवर पानं, काही भागांच्या सुधारित आवृत्त्या नंतरच्या. कुणी 'काणे, खंड २, भाग १' लिहितं, कुणी १९४१ लिहितं, कुणी १९७४ चं पुनर्मुद्रण. काण्यांच्या नोंदी एकत्र करायला त्यांचं स्कॉलर प्रोफाइल नाही, आणि दिवंगत अभ्यासकाचं दुसऱ्या कुणी उघडून चालवूही नये.

शब्दवेल्हाळ

मग दिवंगत अभ्यासकाची मोजणी करायचीच नाही का? अभ्यासकेंद्र उभारायचं, ग्रंथ पुन्हा छापायचे, की निधी देणारे आकडा मागतातच.

नीरक्षीर

करायची, हाताने. क्रम असा ठेवा.

'पब्लिश ऑर पेरिश' हे हार्झिंग यांचं विनाशुल्क सॉफ्टवेअर घ्या. लेखकाच्या रकान्यात आडनाव आणि आद्याक्षरांची सगळी रूपं एकेक करून टाका. स्कॉलरकडून एका शोधाला हजारपर्यंतच नोंदी मिळतात, म्हणून सामान्य आडनाव असेल तर वर्षांचे टप्पे पाडा. आलेला तक्ता एक्सेलमध्ये घ्या आणि एक नवा स्तंभ जोडा: 'मूळ कृती'. 'श्रीविठ्ठल'च्या साऱ्या रूपांपुढे त्यात एकच नाव लिहा. अनुवादाला वेगळं नाव द्या, पण खूण अशी करा की दोन्ही बेरजा काढता येतील, मूळ वेगळं आणि मूळ अधिक अनुवाद.

यानंतरची पायरी लोक गाळतात. उल्लेख करणाऱ्या नोंदी उघडून त्यांतल्या दुबार नोंदी काढा. एकच प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या भांडारात) आणि विद्यापीठाच्या भांडारात असा दोनदा येतो. एकच लेख जेस्टोर या लेखसंग्रहावर आणि लेखकाच्या पानावर येतो. वीस नोंदींची सोळा होणं नेहमीचं आहे.

पुस्तकाच्या परीक्षणावरही नजर ठेवा. परीक्षणाचं शीर्षक पुस्तकाचंच असतं, म्हणून स्कॉलर पुस्तकाचे उल्लेख कधीकधी परीक्षणाच्या नोंदीला चिकटवतो आणि श्रेय परीक्षकाला जातं. जिथे परीक्षणाला संशयास्पद इतके उल्लेख दिसतील तिथे चार-पाच उघडून बघा. बहुधा पुस्तकाचेच निघतील.

मोडीवाचक

यात जोडा: गूगल बुक्स, जेस्टोर आणि इंटरनेट अर्काइव्हचा मजकूरशोध. स्कॉलर ग्रंथांतल्या तळटीपांपर्यंत फारसा पोचत नाही, आणि आपल्या विषयांतले निम्मेअधिक महत्त्वाचे उल्लेख ग्रंथांतच असतात. अर्काइव्हवर मराठी पुस्तक चढवताना भाषेच्या रकान्यात 'मराठी' भरलेलं हवं. ते रिकामं राहिलं किंवा इंग्रजी राहिलं तर अक्षरओळख चुकीच्या लिपीत होते आणि पुस्तक शोधाला मुकतं. घरी करायचं तर टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरला मराठीची विदा आहे. ३०० डीपीआयला स्कॅन करा, पान सरळ करा, मागच्या पानाची शाई उमटली असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवा.

मांडवीकाठ

रोमन रूपांची यादी आधी कागदावर काढा, नाहीतर काहीतरी सुटतंच. ढेऱ्यांपुरतं: आद्याक्षरं आर. सी.; पूर्ण नाव 'रामचंद्र', त्यात मधला ए असलेलं आणि नसलेलं, सी-एच असलेलं आणि ग्रंथालयीन पद्धतीचं नुसतं सी असलेलं; 'चिंतामण' शेवटी ए असलेलं आणि नसलेलं; आडनावात साधा डी आणि खाली टिंब असलेला डी. विठ्ठलाचं स्पेलिंग एका टी-चं, दोन टीं-चं, टिंबांचं, शेवटी ए असलेलं. 'श्री' एस-आर-आय, एस-एच-आर-आय आणि वर रेघ असलेला एस. यांचे गुणाकार बरेच होतात. सोंथायमर किंवा फेल्डहाउस यांच्यासारखे अभ्यासक टिंबं-रेघा काटेकोरपणे देतात, इथल्या इंग्रजी लेखांत त्या नसतात. नुसत्या साध्या स्पेलिंगने शोधलं तर नेमके जाणकारांचे उल्लेख निसटायचे.

शब्दवेल्हाळ

हयात अभ्यासकांनी काय करावं? उपयोगी पडेल असं सांगा.

संदर्भसूची

ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक घ्या. सोळा आकडी, विनाशुल्क. त्यात 'अन्य नावे' असा रकाना आहे, तिथे देवनागरी नाव, आद्याक्षरांसह नाव, लग्नाआधीचं नाव, सगळी रूपं भरा. प्रत्येक कृतीला भाषा निवडता येते आणि अनुवादित शीर्षकही देता येतं. शीर्षक मराठीत, अनुवादित शीर्षक इंग्रजीत. उलट करू नका, नाहीतर लेख इंग्रजीत आहे असा समज होतो.

स्कॉलर प्रोफाइल उघडल्यावर लगेच 'आपोआप भर' बंद करा आणि 'आधी मला विचारा' ठेवा. मराठी आडनावं आणि एकाक्षरी आद्याक्षरं यांमुळे कुणा नामबंधूचे रसायनशास्त्राचे लेख तुमच्या नावावर जमा होतात. ते तसेच ठेवणं ही खोटी नोंद ठरते, मग ती यंत्राने केलेली का असेना. दुबार नोंदी दिसल्या की दोन्हींवर खूण करून 'मर्ज' दाबा आणि नीट भरलेली नोंद मुख्य ठेवा. आकड्यापुढे तारा उमटला तर त्याचा अर्थ यंत्राला त्या बेरजेची खात्री नाही. ती यादी उघडून तपासा.

अक्षरजुळणी

आणि संपादकांनी: अख्खा अंक एका पीडीएफमध्ये चढवू नका! १२० पानांची ४० एमबीची फाइल म्हणजे स्कॉलरच्या लेखी एकही लेख नाही. एक लेख, एक दुवा, एक फाइल, ५ एमबीच्या आत. पहिल्या पानावर शीर्षक सर्वांत मोठ्या अक्षरांत, त्याच्या लगेच खाली लेखकाचं नाव. तिथे नियतकालिकाचं बोधचिन्ह आणि सुभाषित मोठ्या टाइपात टाकलं तर यंत्र सुभाषितालाच शीर्षक समजतं. शेवटी सूची स्वतंत्र शीर्षकाखाली. 'संदर्भ' या शब्दाखालीच इंग्रजीतला सूचीचा शब्दही द्या, यंत्र तो ओळखतं. सूचीत मराठी नोंदीच्या खाली तीच नोंद रोमन लिपीत दिली तर पुढच्या शोधकाचं निम्मं काम वाचतं.

ओजेएस ही नियतकालिक चालवायची विनाशुल्क प्रणाली वापरली तर शीर्षक, लेखक, साल आणि पीडीएफचा दुवा यांच्या खुणा पानाच्या पोटात आपोआप जातात. शीर्षक दोन्ही भाषांत भरता येतं.

जुने अंक? लेखकाने लेखी हस्तांतर केलेलं नसेल तर लेखाचा हक्क लेखकाकडेच राहतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे आपल्या जुन्या लेखांच्या प्रती बहुतेक लेखकांना स्वतः चढवता येतील. झेनोडो या खुल्या भांडारावर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांकही विनाशुल्क मिळतो.

सह्याद्रीवारा

हे सगळं करायचं ते कशासाठी, हेही एकदा नीट कळू द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात सायटेशनला गुणच नाहीत. मानव्यविद्यांत समीक्षित नियतकालिकातल्या लेखाला १०, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला १०, आंतरराष्ट्रीयला १२, प्रकरणाला ५. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला किमान सात प्रकाशनं आणि ७५ गुण, प्राध्यापकाला दहा आणि १२०. हे गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात, आणि व्याख्यानं व धोरण-दस्तऐवज मिळून ३० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. अनेकांचा अर्ज इथेच अडतो. लेख भरपूर, पण सगळे एकाच प्रकारातले.

सायटेशन लागतं ते एनआयआरएफला, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीला, आणि तिथे मोजणी होते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या उल्लेख-सूच्यांवरून. मराठी ग्रंथ तिथे नाहीतच.

मांडवीकाठ

त्या तक्त्यात अनुवादित ग्रंथाला ८ आणि अनुवादित प्रकरणाला ३ गुण आहेत. 'श्रीविठ्ठल'सारख्या ग्रंथाचा अनुवाद म्हणजे प्रत्येक ओवीचा, प्रत्येक ताम्रपटाचा माग काढत जाणं. त्याला एका बारा पानी लेखापेक्षा कमी गुण? मला हे मुळीच पटत नाही. त्या एका अनुवादाने ढेरे मराठी न येणाऱ्या अभ्यासकांच्या हाती दिले.

नीरक्षीर

@सह्याद्रीवारा, एक भर घालतो. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी आता नाही. २०१८ च्या अखेरीस तिची घोषणा झाली, २०१९ पासून ती चालली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. नियतकालिक पारखायची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि पर्यायाने आपल्यावर आहे. जुने लेख केअर यादीच्या काळातले असतील तर लेख छापला गेला त्या महिन्यातला यादीच्या पानाचा पुरावा जपून ठेवा. त्या काळात नामांकित नियतकालिकांची हुबेहूब नकली संकेतस्थळं निघाली होती. खरा लेख की नकली संकेतस्थळावरचा, हे छापील अंकाच्या अनुक्रमणिकेवरूनच सिद्ध होतं.

शब्दवेल्हाळ

मग आकडा सोडून द्यावा, असंच मला वाटू लागलंय. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या असं स्वच्छ म्हटलंय, आणि २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेने नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस जोखू नका असं सांगितलंय. अर्जाला हे दोन कागद जोडावेत.

मोडीवाचक

कागद जोडून समितीचं समाधान होत नाही, पुरावा लागतो. आकड्याच्या शेजारी असं एक पान ठेवावं: या ग्रंथाशी खरोखर वाद घातला गेला किंवा त्यावर पुढचं बांधकाम झालं अशी आठ-दहा ठिकाणं, ग्रंथ आणि पृष्ठांकासह, प्रत्येकी दोन ओळींत. कुठल्या प्रकरणात, कुठला मुद्दा स्वीकारला, कुठला नाकारला. नाकारलेलाही लिहावा. विठ्ठलाच्या उगमाविषयीची ढेऱ्यांची मांडणी कुणी अमान्य केली असेल, तरी ती अमान्य करायला त्याला चार पानं खर्चावी लागली, हाही प्रभावच. नुसत्या नामोल्लेखांची संख्या वेगळी द्या. परीक्षणं, अभ्यासक्रमातला समावेश, अनुवाद, पुनर्मुद्रणांची सालं आणि वर्ल्डकॅट या जागतिक ग्रंथसूचीवर दिसणारी ग्रंथालयांची संख्या, इतकं त्याच पानावर मावतं.

तळटीप

धागा वाचून मी मूळ मत जरा बदलतो. आकडा छपाई मोजतो हे कायम. पण @सह्याद्रीवारा यांच्यामुळे असं लिहितो की तो आपली संदर्भ देण्याची शिस्तही मोजतो. आकडा देताना त्याच्याखाली एक ओळ सक्तीची असावी: कुठल्या साधनावरून, कुठल्या तारखेला, नावाच्या कोणत्या रूपांनी शोधला, दुबार आणि स्वतःचे उल्लेख वगळले की नाही, अनुवाद धरला की नाही. ही ओळ नसलेला आकडा मी तरी कुठल्या अर्जात ग्राह्य धरणार नाही.

ढेऱ्यांची 'मूळ कृती' स्तंभासह यादी करायला घेतो आहे. 'लज्जागौरी' आणि 'खंडोबा' ही पुस्तकंही घेतो. रोमन रूपं @मांडवीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे.

अक्षरजुळणी

देवनागरीतून शोधताना 'श्रीविठ्ठल' एकत्र आणि 'श्री विठ्ठल' तोडून, दोन्ही घ्या. 'विठ्ठल' आणि 'विट्ठल' दोन्ही. आणि 'रा. चिं.' मध्ये टिंबानंतर जागा असलेलं आणि नसलेलं, हेही वेगळं धरा. 'चिं'वरचा अनुस्वार कित्येक सूच्यांत पडलेला असतो, तेव्हा 'रा. चि. ढेरे' सुद्धा.

मांडवीकाठ

@तळटीप, 'खंडोबा' घेताना सोंथायमर यांच्या जर्मन पुस्तकाच्या (१९७६) तळटीपा विसरू नका. इंग्रजी अनुवाद १९८९ चा आहे. दोन्हीकडे तोच उल्लेख सापडला तर तो एकच धरा.